डोंगर खचला की पाण्यानं खाल्ला?

या वेळच्या पत्रांत जमिनीच्या घडणीवरचे प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घ्यायचं ठरवलं. माझं नोकरीतलं सगळं आयुष्य भूजलाच्या कामात गेलं. माढा, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट या भागातल्या विहिरींत उतरून दगड बघायचा, हेच काम. त्यामुळे ही पत्रं वाचून मला मनापासून आनंद झाला. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ताई, मी बार्शीचा. येडशीचा घाट चढून धाराशिवला जाताना बालाघाटचा कडा एकदम उभा राहिलेला दिसतो. वडील सांगायचे, फार पूर्वी मोठा भूकंप होऊन बार्शीकडची जमीन खचली आणि धाराशिवकडची वर राहिली. शाळेत प्रस्तरभंग शिकवताना गुरुजींनीही हेच उदाहरण दिलं होतं. हे खरं का?

उत्तर : तुमच्या वडिलांनी तो कडा मन लावून पाहिला असणार, नाहीतर असा विचार सुचत नाही. पण बार्शीची जमीन खचलेली नाही. तो कडा ओढ्यांनी कोरत कोरत मागे नेला आहे आणि अजूनही नेत आहेत.

आधी दगड समजून घेऊ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला, पसरला, थिजला. त्याचे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहेत. सह्याद्रीत त्यांची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. विहीर खोदणारी माणसं त्याला काळा पाषाण म्हणतात; तो लागला की सुरुंगाशिवाय काम पुढं सरकत नाही. थराचा वरचा भाग मात्र बुडबुड्यांनी भरलेला, त्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा बसलेल्या. हा मांजऱ्या. तो टिकावानं निघतो. आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा सापडतो. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात ऊनपावसानं खालच्या थराच्या माथ्याची माती झाली, आणि वरून आलेल्या लाव्ह्यानं ती भाजून निघाली.

हा लाल पट्टा तुमच्या प्रश्नाचा साक्षीदार आहे. सोलापुरात चादरीच्या दुकानात चळत रचलेली असते ती डोळ्यांपुढं आणा. मध्ये एक लाल चादर आहे. आता चळतीच्या मधला भाग वरून खालपर्यंत कापून काढला, तर उरलेल्या दोन्ही बाजूंना लाल चादर एकाच उंचीवर दिसेल. पण चळत ज्या दोन फळ्यांवर आहे त्यांतली एक खाली गेली, तर लाल चादर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसेल. पहिली नदीची करणी, दुसरा प्रस्तरभंग. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना ओळखीचा थर शोधायचा आणि त्याची उंची मोजायची. भूशास्त्रातली ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा आहे.

दुसरी खूण तुम्हाला घरबसल्या मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात दिसेल. बालाघाटची कड सरळ रेषेत नाही. ती दातेरी आहे. जिथं जिथं ओढा आहे तिथं कड आत गेली आहे, दोन ओढ्यांच्या मध्ये डोंगराची सोंड पुढं आली आहे. काही ठिकाणी कड्यापासून तुटलेली सपाट माथ्याची टेकाडं पुढं एकटीच उभी आहेत. जमीन खचून कडा झाला असता तर ही टेकाडंही खाली गेली असती, त्यांचे थर कड्याच्या थरांशी जुळले नसते. पाणी मात्र मधला भाग खाऊन टेकाड मागे ठेवू शकतं.

पाणी हा कडा खातं कसं? पठारावर पडलेला पाऊस उभ्या भेगांतून खाली मुरतो. गेरूच्या थराशी आला की अडतो, कारण गेरू चिकण आहे, पाणी पुढं जाऊ देत नाही. मग ते आडवं वाहत कड्याच्या अंगातून झऱ्यासारखं बाहेर पडतं. वैरागकडच्या एका विहिरीत मी ही गोष्ट हातानं चाचपून पाहिली आहे. यारीच्या डब्यातून उतरले तेव्हा वरचा काळा पाषाण कोरडा ठणठणीत होता, आणि त्याच्याखाली वीतभर लाल पट्टा ओला, बोट लावलं की बोटाला गेरू लागावा इतका मऊ. पट्ट्याच्या वरच्या कडेनं थेंब ओघळत होते आणि तेवढ्या ओलाव्यानं पट्टा दगडाच्या आत हातभर खोल पोखरला गेला होता. वरचा पाषाण अधांतरी. कड्यावर नेमकं हेच चालतं. खालचा मऊ थर पोखरतो, वरचा पाषाण उभ्या भेगांवरून सुटतो आणि धोंडे खाली येतात. कडा पाऊलभर मागे सरकतो, पण उभाच राहतो. म्हणून इतका काळ लोटूनही तो झिजून गोल झालेला नाही.

आता राहिला प्रश्न, कडा बार्शीच्याच बाजूला का. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर आहे, बार्शी सुमारे 510 वर. बार्शीकडं उतरणारे ओढे थोड्या अंतरात ही उंची उतरून भोगावतीला आणि पुढं सीनेला मिळतात. कड्याच्या माथ्यावरचं पाणी मात्र तेरणा, मांजरा असं करत लांबच्या वाटेनं, सावकाश उतारानं गोदावरीकडं जातं. जिथं उतार जास्त तिथं पाण्याची ताकद जास्त. त्यामुळे बार्शीकडचे ओढे उगमाच्या दिशेनं मागे मागे कोरत पठारात शिरतात आणि भीमा व गोदावरी यांच्या खोऱ्यांमधली सीमा पूर्वेकडं रेटतात.

एवढं काम ओढ्यांना झेपेल का, अशी शंका येईल. हजार वर्षांत जमीन फक्त एक सेंटिमीटर झिजते असं धरा. माणसाच्या आयुष्यात ते दिसणारही नाही. पण त्याच हिशेबानं दोन कोटी वर्षांत 200 मीटर होतात, आणि आपल्या दगडाचं वय साडेसहा कोटी आहे.

भेगांचा यात काही हात नाही असं मात्र समजू नका. लाव्हा थिजताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. त्या भेगांच्या दोन्ही बाजूंचा दगड वरखाली सरकलेला नसतो, म्हणून त्यांना प्रस्तरभंग म्हणत नाहीत. पण पाण्याला त्या आयत्या वाटा मिळतात. सरळ जाणारा ओढा एकदम काटकोनात वळला तर तिथं भेगांचा पट्टा असण्याची शक्यता मोठी. विहिरीची जागा दाखवताना आम्ही अशी वळणं आवर्जून बघायचो, कारण तिथंच झरा लागायचा. पुढच्या श्रावणात येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळात जाल तेव्हा दर्शन झाल्यावर घळीच्या दोन्ही भिंती बघा. समोरासमोरचे थर डोळ्यांनी जुळवायचा प्रयत्न करा. मुलांना बरोबर न्या.

प्रश्न : 1993 साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही विजापूर रस्त्याला राहायचो, पहाटे सगळी गल्ली बाहेर आली होती. किल्लारीला जमीन वर उचलली गेली असं तेव्हा वाचलं होतं. मग तिथं टेकडी का नाही? आणि आपल्या सोलापूरच्या खालीही अशी भेग आहे का?

उत्तर : 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती, माणसं दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं घरांखाली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा मणामणानं भार. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती आणि तो जमिनीखाली अवघ्या काही किलोमीटरवर झाला, म्हणून हादरा सरळ वर आला. त्या गावांबद्दल आजही मला सहज लिहिता येत नाही. पण तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मिळायला हवं.

आपला सगळा भूखंड उत्तरेकडं सरकतो आहे आणि हिमालयाशी अडतो आहे. त्या दाबानं आतला दगड दाबला जातो. किल्लारीच्या खाली एक जुना कमकुवत पट्टा होता. तिथं दगड तुटला आणि एक बाजू दुसरीवर चढली. खचदरीत जमीन ताणली जाऊन खाली जाते; इथं उलट झालं. त्यामुळे शेतांतून उठलेले बांध दिसले, एक मीटरपेक्षा कमी उंचीचे आणि सलग नव्हे, तुटक तुटक. पुढं त्या जागी जमिनीत भोकं पाडून तपासणी झाली. लाव्ह्याचे थर सुमारे 338 मीटर खोल होते, त्याखाली थोडा जुना गाळ आणि मग फार पुरातन खडक. उथळ भोकांतून आणखी एक गोष्ट कळली. त्या भेगेवर थर 1993 मध्ये सरकले त्याहून जास्त, काही मीटर, सरकलेले होते. म्हणजे तीच भेग त्याआधीही हलली होती, माणसाच्या आठवणीच्या फार पलीकडं.

टेकडी का नाही, ते यावरून समजेल. अर्धा-पाऊण मीटरचा बांध उठतो आणि पुढचा धक्का कदाचित हजारो वर्षांनी येतो. मधल्या काळात पाऊस, तेरणेला मिळणारे ओढे आणि आपला नांगर त्या बांधाला स्वस्थ बसू देत नाहीत. 1993 चे ते उंचवटेसुद्धा थोड्याच वर्षांत नांगरटीत आणि पावसात विरले. जमीन वर येण्याचा वेग झिजेच्या वेगापेक्षा जास्त असेल तरच डोंगर होतो. हिमालयात तसं आहे. आपल्याकडं पाणी जिंकतं. म्हणूनच इथं जमिनीच्या रूपावरून भेग ओळखणं अवघड जातं आणि किल्लारीच्या लोकांना पायाखाली काय आहे याची कल्पना नव्हती.

आता सोलापूर. 1973 मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या दोन शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून असं मांडलं की लाव्ह्याच्या थरांखाली दोन जुन्या खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत. एक कोयनेला आणि दुसरी आपल्या कुर्डुवाडीला. त्यावर पुढं पुष्कळ वाद झाले, सगळ्यांना ते मान्य नाही. पण ती खचदरी असली तरी लाव्हा येण्याच्या आधीची. लाव्ह्यानं ती भरून वर सपाट केलं. कुर्डुवाडी स्टेशनवर उभं राहून तिचा मागमूस दिसणार नाही, ती फक्त उपकरणांना जाणवते.

भीती घालायचा माझा हेतू नाही. 2002 च्या भारतीय मानकाच्या नकाशात सोलापूर तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोका. त्याचा अर्थ साधा : घर बांधताना सळई, कोपऱ्यांची बांधणी आणि भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा यांत काटकसर करू नका. गावाकडं जुनं माळवद असेल तर त्यावर दर वर्षी नवी माती चढवणं थांबवा. किल्लारीत भेगेपेक्षा तो भारच जास्त जिवावर उठला.

प्रश्न : भीमाशंकरहून समुद्र एवढा जवळ, तरी भीमा उलटी पूर्वेकडं का येते? (अक्कलकोट)

उत्तर : कारण ती जन्मली तेव्हा पश्चिमेला उतार नव्हता. आज आफ्रिकेजवळ असलेली सेशेल्सची बेटं एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटून होती. लाव्हा आल्यानंतर थोड्याच काळात तो तुकडा तुटून दूर गेला. पश्चिमेची कड तुटली, तिकडचा भाग प्रस्तरभंगांवरून टप्प्याटप्प्यानं समुद्राखाली गेला आणि उरलेलं पठार पूर्वेकडं कललं. नद्यांनी तो उतार धरला. म्हणून भीमा सुमारे 860 किलोमीटर चालून रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि आपलं पाणी बंगालच्या उपसागरात जातं.

सह्याद्रीचा आजचा कडा मात्र ती मूळ तूट नव्हे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते मूळ तूट बरीच पश्चिमेला होती आणि कोकणातल्या आखूड, तीव्र उताराच्या नद्यांनी कडा कोरत आजच्या जागी आणून ठेवला. भेगेनं सुरुवात केली, पाण्यानं पुढचं केलं. बार्शीच्या वाचकांना वर जे लिहिलं तेच इथं फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे.

प्रश्न : मी पंढरपूरला नववीत शिकते. पुस्तकात खचदरीचं चित्र आहे, पण महाराष्ट्रात ती कुठं बघायची ते दिलेलं नाही. आणि चंद्रभागेचं चंद्रकोरीसारखं वळण भूकंपामुळं झालं असं माझी मैत्रीण म्हणते. ते बरोबर आहे का?

उत्तर : बाळ, दोन्ही प्रश्न छान आहेत. खचदरी बघायची तर तापी आणि पूर्णेकडं जायला हवं. अमरावती, अकोल्याकडून उत्तरेला पाहिलं की मेळघाटाचा गाविलगड डोंगर लांबच लांब उभा दिसतो. त्याच्या पायथ्यानं मोठा प्रस्तरभंग गेला आहे. डोंगराच्या दक्षिणेची जमीन खाली गेली आणि पूर्णेनं तो खड्डा गाळानं भरला. काही ठिकाणी तो गाळ शेकडो मीटर जाड आहे. विदर्भातला खारपाणपट्टा म्हणतात तो याच गाळात. आपल्या भीमा-सीनेकाठी वीस-पंचवीस मीटर गाळ लागला तरी विहीर खोदणारे म्हणतात, लई गाळ लागला. इतका फरक आहे. नुसती कोरलेली दरी फार भरत नाही, कारण नदी स्वतःच तिचा तळ ठरवते. खचलेली दरी खाली जात राहते आणि भरत राहते.

चंद्रभागेचं वळण भूकंपाचं नाही. भीमा पंढरपूरला येईपर्यंत तिचा उतार अगदी मंद झालेला असतो. अशा नदीला सरळ जायची घाई नसते. थोडंसं वळण पडलं की बाहेरच्या काठाजवळ पाण्याचा वेग वाढतो, तो काठ कापला जातो. आतल्या काठाजवळ वेग कमी होतो, तिथं वाळू आणि गाळ बसतो. कापणं आणि बसवणं दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं की वळण वाढत जातं.

आता तुझ्यासाठी एक काम. आईवडिलांबरोबर चंद्रभागेच्या वाळवंटात जा आणि मूठभर वाळू घरी आण. दोन-तीन पाण्यांत धुऊन पांढऱ्या कागदावर वाळव आणि भिंगातून बघ. काळपट-तपकिरी कण दिसतील, ते काळ्या पाषाणाचे. पांढरे, दुधी, कधी थोडे हिरवट कण असतील, ते मांजऱ्याच्या पोकळ्यांतल्या गारांचे आणि गारगोटीचे. खडबडीत मळकट पांढरे असतील ते चुनखडीचे; त्यावर लिंबाचे दोन थेंब टाक, बारीक फेस येईल. काळे कण बरेचसे गुळगुळीत का आहेत आणि गारगोटीच्या कणांना अजून धार का आहे, हे वहीत तुझ्या शब्दांत लिही. सह्याद्रीपासून घासत आलेला दगड तुझ्या हातात आहे. हाच दगड कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात गरगर फिरून खडकाला भोकं पाडतो. निघोजचे रांजणखळगे सहलीला बघितले असशील. कुकडी घोडला मिळते आणि घोड भीमेला, म्हणजे तेही आपल्याच नदीचं काम.

एक गोष्ट तुझ्या पुस्तकात नसेल. 1980 मध्ये उजनीचं धरण पूर्ण झालं. तेव्हापासून वरून येणारी वाळू बहुतेक धरणाच्या पाण्यात तळाला बसते, पंढरपूरपर्यंत पोचत नाही. आणि खालून वाळूचा उपसा चालूच आहे. गेलेली वाळू परत यायची वाट अडलेली आहे. आजीला विचार, तिच्या लहानपणी वाळवंट किती रुंद होतं आणि वाळूत पाय किती रुतायचा.

प्रश्न : सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माझी ओढ्याकाठची जमीन खरडून गेली. ओढ्याला मिळणारी एक ओघळ आहे, ती दर पावसाळ्यात माझ्या रानात आणखी आत शिरते. तिच्या तोंडाशी आता पुरुषभर उंचीची पायरी पडली आहे. मशीनवाले म्हणतात, ओढा खोल आणि सरळ करून घ्या, पाणी पटकन निघून जाईल. काय करावं? (तालुका माढा)

उत्तर : दादा, ओढा सरळ करू नका. हात जोडून सांगते.

तुमच्या रानात पडलेली ती पायरी म्हणजे बालाघाटच्या कड्याचंच लहान रूप आहे, फक्त दगडाऐवजी काळी माती आणि मुरूम. वरून पाणी पडतं, पायरीच्या तळाशी डोह पडतो, डोह मुरूम पोखरतो, वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असतेच, ती ढपल्यांनी कोसळते आणि पायरी मागे सरकते. पाषाणाला जे करायला लाखो वर्षं लागतात ते काळ्या मातीत एका पावसाळ्यात होतं.

ही पायरी सुरू कुठून होते ते बघा. प्रत्येक प्रवाह ज्याला मिळतो त्याच्या तळाशी आपला तळ जुळवतो. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, तिथं भीमेचा तळ सीनेला बांधून ठेवतो. तुमच्या ओढ्याला सीना बांधते आणि तुमच्या ओघळीला ओढा. ओढा दोन मीटर खोल केला की त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीच्या तोंडाशी दोन मीटरची नवी पायरी तयार होते, आणि ती शेजाऱ्याच्या रानातही चढत जाते. खोलीकरणाची कामं झाल्यावर एक-दोन पावसाळ्यांत बाजूची रानं फुटलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहेत. विहिरींना चार दिवस पाणी दिसतं म्हणून लोक खूश असतात, पण माती जाते तिकडं लक्ष जात नाही. खोलीकरण कुठंच करू नये असं माझं म्हणणं नाही. साचलेला गाळ काढणं वेगळं आणि मूळ मुरूम-पाषाण फोडून तळ खाली नेणं वेगळं. पहिलं जरूर करा.

सरळ केलेला ओढा आणखी वाईट. वळणं काढली की तेवढाच उतार कमी अंतरात येतो, वेग वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते 64 पट वजनाचा धोंडा ढकलू शकतं, असा जुना हिशेब आहे. तुमचं रान कदाचित वाचेल, खालच्या गावाचं जाईल. आणि ओढा काही वर्षांनी पुन्हा वळण घेईल, कदाचित तुमच्याच विहिरीकडं.

मग करायचं काय? माथा ते पायथा, हाच क्रम. ओघळीत पाणी येतं तिथून सुरुवात करा. रानाच्या वरच्या अंगाचे बांध नीट करा आणि प्रत्येक बांधाला दगडांचा सांडवा द्या, म्हणजे पाणी एकाच जागी बांध फोडणार नाही. ओघळीच्या अरुंद भागात थोड्या थोड्या अंतरावर अनगड दगडी बांध घाला, गुडघ्याएवढे पुरेत. ते मधोमध थोडे खोलगट ठेवा, म्हणजे पाणी मधून जाईल. सपाट बांध घातला तर पाणी कडेनं वाट काढतं आणि काठ खातं. मोठे दगड तळाला, छोटे फटींत. पायरीचा उभा काठ फोडून उताराचा करा आणि त्यावर दगड पसरा, पडणाऱ्या पाण्याला घसरत उतरू द्या. ओढ्याच्या काठावरची निरगुडी, करंज, शिंदी अजिबात तोडू नका. जिथं काठ उघडा आहे तिथं वाळा आणि मारवेल लावा. बांधाच्या कडेला दोन-तीन हातांची गवताची पट्टी सोडा. तेवढं पीक कमी येईल, ते मला माहीत आहे, आणि लहान जमीनवाल्याला ते जड जातं हेही माहीत आहे. तरी सोडा.

खरडून गेलेल्या जागी लगेच बाहेरची काळी माती आणून टाकू नका. खाली उघडा मुरूम असेल तर पहिल्या मोठ्या पावसात ती पुन्हा सरकेल. आधी ओघळ थांबवा, मग आडवी नांगरट करून तागाचं हिरवळीचं पीक घ्या, आणि तळ्यातला गाळ मिळाला तर थोडा थोडा मिसळा.

गॅबियन बंधाऱ्याचा, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून घातलेल्या बंधाऱ्याचा, खर्च एकट्यानं करू नका. वरच्या अंगाला कोणाकोणाची रानं आहेत ते बघून सगळ्यांनी मिळून सहायक कृषी अधिकाऱ्यांकडं (पूर्वीचे कृषी सहायक) अर्ज द्या. एकाच्या रानात केलेलं काम वरच्याच्या पाण्यानं वाहून जातं. अर्जाआधी मला ओघळीच्या पायरीचे आणि ती ओढ्याला मिळते त्या जागेचे फोटो पाठवा, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. पायरीच्या तळाला मुरूम आहे की पाषाण लागलाय तेही कळवा. पाषाण लागला असेल तर ती खाली खोल जाणार नाही, फक्त मागे येईल, आणि मग दगडी बांधांची जागा बदलावी लागेल.